मातीचा श्वास आणि जंगलांचा जमाखर्च

जागतिक हवामान संघटनेने हरितगृह वायूंविषयीची आपली वार्षिक पत्रिका ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यातील एका आकड्याची जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. २०२३ ते २०२४ या एका वर्षात वातावरणातील कार्बन डायऑक्साइडचे सरासरी प्रमाण दर दहा लाख भागांमागे ३.५ भागांनी वाढले. १९५७ मध्ये आधुनिक पद्धतीची मोजणी सुरू झाली, तेव्हापासून एका वर्षात एवढी वाढ कधीही नोंदली गेलेली नव्हती. त्याआधीचे वर्षही फारसे वेगळे नव्हते. हवाई बेटांवरील मौना लोआ वेधशाळेत २०२३ मध्ये ३.३७ भागांची वाढ दिसली आणि ती आदल्या वर्षीच्या वाढीपेक्षा ८६ टक्क्यांनी अधिक होती. गंमत अशी, की कोळसा, तेल आणि वायू जाळून माणसाने केलेले उत्सर्जन त्या वर्षी जेमतेम एखाद्या टक्क्याने वाढले होते. मग हा जादा कर्बवायू आला कोठून?

याचे उत्तर असे, की तो नव्याने कोठून आला नाही. जो दरवर्षी शोषला जातो, तो शोषला गेला नाही. माणूस जेवढा कर्बवायू हवेत सोडतो, त्याचा सुमारे पाव हिस्सा समुद्र आणि साधारण तीस टक्के हिस्सा जमीन, म्हणजे मुख्यतः जंगले, दरवर्षी निमूटपणे शोषून घेतात. जमिनीचा हा हातभार गेल्या दशकात वर्षाला सरासरी दोन अब्ज टन कार्बनच्या घरात होता. २०२३ मध्ये तो अर्ध्या अब्ज टनाच्याही खाली, ०.४४ अब्ज टनांवर आल्याचा अंदाज फिलिप सिएस आदी शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये मांडला. 'ग्लोबल कार्बन प्रोजेक्ट'चा हिशेब इतका टोकाचा नव्हता; पण घट मोठी आहे, याविषयी दोहोंत दुमत नव्हते. कॅनडातील विक्रमी वणवे आणि ॲमेझॉनमधील भीषण अवर्षण ही त्यामागची प्रमुख कारणे सांगितली गेली. वणव्याचा धूर उपग्रहालाही दिसतो. अवर्षणाने जंगलाच्या जमाखर्चात नेमके काय होते, हे मात्र डोळ्यांना दिसत नाही. कारण त्यातला मोठा व्यवहार जमिनीखाली चालतो.

या व्यवहाराला शास्त्रीय परिभाषेत 'मृदा श्वसन' म्हणतात. जमिनीतील मुळे, बुरशी, जिवाणू आणि असंख्य लहानसहान जीव श्वास घेतात, पालापाचोळा व मेलेली मुळे कुजवतात आणि या सगळ्यातून तयार झालेला कर्बवायू मातीच्या छिद्रांतून वर हवेत येतो. त्याचे प्रमाण ऐकले, तर पहिल्यांदा आकडा चुकला असावा असेच वाटते. जगभरची माती वर्षाला अंदाजे ८० ते १०० अब्ज टन कार्बन अशा रीतीने बाहेर टाकते. जगातील सगळ्या खनिज इंधनांच्या ज्वलनातून बाहेर पडणारा कार्बन दहा अब्ज टनांच्या आसपास आहे. (येथे आकडे कार्बनचे आहेत, कार्बन डायऑक्साइडमध्ये सांगायचे तर त्यांना ३.६७ ने गुणावे लागते.) अर्थात मातीचा हा श्वास प्रदूषण नव्हे. झाडे प्रकाशसंश्लेषणाद्वारे जो कार्बन हवेतून घेतात, तोच फिरून परत जातो आणि एरवी जाणारा कार्बन येणाऱ्यापेक्षा किंचित कमी असतो. या 'किंचित' फरकावरच जंगलांची सारी ख्याती उभी आहे. मातीच्या श्वासात दोन टक्क्यांचा फेरफार झाला, तरी तो दीड ते दोन अब्ज टनांचा होतो; म्हणजे जमिनीच्या वार्षिक शोषणाएवढा! त्यामुळे हा श्वास कशाने वाढतो आणि कशाने मंदावतो, हा प्रश्न केवळ वनस्पतिशास्त्रज्ञांपुरता राहिलेला नाही.

तापमानाचा परिणाम फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो, हा डच रसायनशास्त्रज्ञ व्हान्ट हॉफ यांच्या नावाने ओळखला जाणारा ठोकताळा मातीलाही बऱ्याच अंशी लागू पडतो. जगाच्या हवामानाची भाकिते करणाऱ्या संगणकीय प्रतिमानांनी दीर्घकाळ याच ठोकताळ्यावर भिस्त ठेवली. जग तापेल, माती अधिक वेगाने श्वास सोडेल, त्यामुळे जग आणखी तापेल, असे ते सरळ चित्र होते. पाण्याने या सरळ चित्राची घडी विस्कटली.

त्यासाठी आधी मातीत श्वास कोण घेते, हे पाहायला हवे. उत्तर स्वीडनमधील पाइनच्या जंगलात पीटर ह्योगबेर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी झाडांच्या खोडांभोवतीची साल वर्तुळाकार सोलून काढली. त्यामुळे मुळांकडून पाणी वर जात राहिले. पण पानांत तयार झालेली साखर खाली मुळांकडे जाईनाशी झाली. एक-दोन महिन्यांत त्या जागेतील मातीचा श्वास निम्म्याहून अधिक, ५४ टक्क्यांपर्यंत घटला. याचा अर्थ असा, की मातीतून येणाऱ्या कर्बवायूचा अर्धाअधिक भाग हा झाडाने नुकत्याच, काही दिवसांपूर्वी हवेतून घेतलेल्या कार्बनचा होता. मुळे आणि त्यांच्या आश्रयाने राहणारी बुरशी तो खर्च करत होती. उरलेला भाग मातीत साठलेल्या जुन्या सेंद्रिय द्रव्याच्या कुजण्यातून येत होता. पहिला भाग घरखर्चासारखा आहे. आज मिळकत घटली की उद्या खर्चही घटतो. दुसरा भाग मुदतठेव मोडण्यासारखा आहे. अवर्षणाचा आघात या दोहोंवर एकसारखा होत नाही आणि वरून नुसता एकत्रित श्वास मोजला, तर ठेव मोडली जाते आहे की घरखर्चच कमी-जास्त होतो आहे, हे कळत नाही. या विषयात शास्त्रज्ञांमध्ये जे मतभेद दिसतात, त्यांपैकी बरेच येथून सुरू होतात.

माती कोरडी पडू लागली की काय होते? सूक्ष्मजीव मातीच्या कणांभोवतीच्या पाण्याच्या पातळ थरात राहतात. त्यांचे अन्न याच पाण्यात विरघळून त्यांच्यापर्यंत पोहोचते. ओलावा आटला की हा थर तुटतो, अन्न शेजारी असूनही हाती लागत नाही आणि जिवाणू एक तर मरतात किंवा निपचित पडून राहतात. श्वास मंदावतो. याउलट पाऊस इतका झाला की मातीची सारी छिद्रे पाण्याने भरली, तरीही श्वास मंदावतो. कारण हवेच्या तुलनेत पाण्यातून प्राणवायू सुमारे दहा हजार पटींनी सावकाश झिरपतो आणि कुजवणाऱ्या जीवांचा कोंडमारा होतो. म्हणजे मातीचा श्वास सर्वात जोरात चालतो तो ना कोरड्या मातीत, ना चिबड मातीत. तो चालतो वाफसा असलेल्या मातीत. शेतकऱ्याला हे सांगण्याची गरज नाही.

या साध्या गोष्टीचा परिणाम मात्र साधा नाही. अवर्षणाने मातीचा श्वास वाढेल की घटेल, हे ते जंगल मुळात वाफशाच्या कोणत्या बाजूला आहे यावर ठरते. कोस्टा रिकाच्या ओसा द्वीपकल्पात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेथे संशोधकांनी जंगलाच्या जमिनीवर छत घालून पावसाचे पाणी अंशतः अडवले, तेव्हा मातीतून बाहेर पडणारा कर्बवायू कमी होण्याऐवजी वाढला. २०१५ मध्ये कॅरिबियन बेटांवर दुष्काळ पडला, तेव्हा पोर्टो रिकोच्या वर्षावनातही हेच आढळले. एरवी पाण्याने तुडुंब असलेल्या मातीत प्राणवायू शिरला आणि कुजण्याला वेग आला. ॲमेझॉनच्या पूर्वेकडील कशिउआना येथील जंगलात मात्र असाच प्रयोग केल्यावर उलटा अनुभव आला. तेथे श्वास मंदावला. आणि त्याच ब्राझीलमधील पारा राज्यात, तापाजोसच्या चिकणमातीच्या जंगलात पाणी अडवल्यानंतरही मातीतून येणाऱ्या कर्बवायूत लक्षणीय फरक पडला नाही. तीन जंगले, तीन उत्तरे. 'दुष्काळामुळे जंगलाची माती कार्बन सोडू लागते' असे ठाम विधान एखाद्या वृत्तात दिसले, तर कोणत्या जंगलाची, असा प्रश्न विचारणे म्हणूनच योग्य ठरते.

या प्रश्नाची दुसरी बाजू पावसाच्या परतण्याची आहे आणि ती उलगडण्याचे श्रेय एच. एफ. बर्च या मृदा रसायनशास्त्रज्ञाकडे जाते. केनियात नैरोबीजवळच्या मुगुगा येथील संशोधन केंद्रात काम करताना त्यांच्या लक्षात आले, की वाळलेल्या मातीवर पाणी टाकले की ती एकाएकी कर्बवायूचा मोठा लोट सोडते. सतत ओली ठेवलेली माती एवढा वायू कधीच सोडत नाही. त्यांचा याविषयीचा गाजलेला निबंध १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. बर्च यांना हवामानबदलाशी देणेघेणे नव्हते. त्या काळी तो विषयच नव्हता. त्यांना रस होता तो पिकांना मिळणाऱ्या नत्रात. कोरड्या हंगामानंतरच्या पहिल्या पावसात कुजण्याची क्रिया उसळते आणि त्यासोबत नत्रही मोकळे होते, म्हणून पेरणी वेळेवर झाली पाहिजे, असा त्यांचा व्यावहारिक निष्कर्ष होता. मृगाच्या पहिल्या सरीनंतर पेरणीची घाई करणाऱ्या दख्खनच्या शेतकऱ्याला तो निराळ्या शब्दांत माहीत होताच. त्या सरीबरोबर दरवळणाऱ्या मृद्गंधातही जमिनीतील जिवाणूंनी तयार केलेल्या एका द्रव्याचा वाटा असतो, हे आता सर्वज्ञात आहे. पण त्याच वेळी जमिनीतून निघणारा कर्बवायूचा लोट गंधहीन असल्याने कोणाच्या ध्यानीमनी येत नाही.

'बर्च परिणाम' म्हणून आज ओळखल्या जाणाऱ्या या घटनेमागे एकाहून अधिक कारणे आहेत. कोरड्या काळात मेलेले जिवाणू हेच वाचलेल्यांचे पहिले अन्न ठरतात. जे तगून राहिलेले असतात त्यांनी वाळण्यापासून बचाव करण्यासाठी आपल्या पेशींत साखरेसारखी द्रव्ये साठवलेली असतात. अचानक पाणी मिळाल्यावर ती त्यांना झटपट टाकून द्यावी लागतात, नाहीतर पेशी फुटतात. शिवाय वाळणे-भिजणे या ओढाताणीत मातीची ढेकळे फुटतात आणि त्यांच्या आत वर्षानुवर्षे सुरक्षित असलेले सेंद्रिय द्रव्य उघडे पडते. हे तिसरे कारण अधिक काळजीचे आहे. पहिल्या दोन कारणांनी जाणारा कार्बन अलीकडचा असतो. तिसऱ्याने जाणारा ठेवीतला असू शकतो. हा लोट पाऊस पडल्यापासून तासाभरात सुरू होतो आणि काही दिवसांत ओसरतो.

असे असले तरी या लोटामुळे वर्षभराचा खर्च वाढतोच, असेही नाही. कोरड्या काळात श्वास जितका मंदावतो, तितकी भरपाई बहुतेक जंगलांत नंतरच्या लोटाने होत नाही, असे आजवरच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा सांगतो. हार्वर्ड विद्यापीठाच्या जंगलात छत घालून केलेल्या अवर्षणाच्या प्रयोगातही मातीचा एकूण श्वास घटलाच होता. येथे एखादा वाचक म्हणेल, मग बरेच झाले की! दुष्काळात माती कमी कर्बवायू सोडत असेल, तर त्यात वाईट काय?

युरोपने २००३ च्या उन्हाळ्यात त्याचे उत्तर दिले. त्या वर्षी पश्चिम आणि मध्य युरोप उष्णतेच्या लाटेने होरपळला आणि पाऊसही फार कमी झाला. तेथील जंगलांमध्ये मनोरे उभारून हवेतील कर्बवायूची ये-जा सतत मोजण्याची यंत्रणा सुदैवाने तेव्हा कार्यरत होती. तापमान वाढल्याने श्वसन भडकेल, अशी जुन्या ठोकताळ्यानुसार अपेक्षा होती. प्रत्यक्षात श्वसन घटले, कारण पाणी नव्हते. पण झाडांनीही पाणी वाचवण्यासाठी पर्णरंध्रे मिटून घेतली आणि प्रकाशसंश्लेषण सुमारे तीस टक्क्यांनी कोसळले. खर्च कमी झाला. उत्पन्न त्याहून अधिक कमी झाले. फिलिप सिएस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये 'नेचर'मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार त्या एका वर्षात युरोपच्या भूमीने सुमारे अर्धा अब्ज टन कार्बन हवेत सोडला. आधीच्या चार वर्षांत साठवलेले एका उन्हाळ्यात गेले. नुसत्या मातीच्या श्वासाचा आकडा पाहून हर्ष किंवा खेद मानणे किती फसवे आहे, हे यावरून ध्यानात यावे.

त्यातही दुष्काळाचे देणे त्याच वर्षी फिटत नाही. ॲमेझॉनमध्ये २००५ साली पडलेल्या अवर्षणात मेलेल्या व खुंटलेल्या झाडांमुळे जंगलाला १.२ ते १.६ अब्ज टन कार्बनचा फटका बसल्याचा अंदाज २००९ मध्ये ऑलिव्हर फिलिप्स यांनी मांडला. त्यानंतर २०१०, २०१५-१६ आणि २०२३ अशी अवर्षणे लागोपाठ आली. कशिउआनाचा उल्लेख वर आला आहे. तेथे एक हेक्टर जंगलात जमिनीपासून थोड्या उंचीवर प्लास्टिकचे पत्रे बसवून जवळजवळ निम्मा पाऊस पन्हळींवाटे बाहेर काढून देण्याचे काम २००२ मध्ये सुरू झाले आणि ते दोन दशकांहून अधिक काळ चालले. पहिल्या पंधरा वर्षांत त्या तुकड्यातील झाडोऱ्याच्या एक तृतीयांशाहून अधिक वजन नष्ट झाले आणि सर्वात जास्त मेली ती सर्वात मोठी झाडे. त्यानंतर मात्र उरलेल्या झाडांना पाणी पुरू लागले आणि घसरण थांबली, असे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत म्हटले आहे. जंगल संपले नाही. पण पूर्वीएवढे भरगच्चही राहिले नाही. मेलेल्या प्रचंड वृक्षांची खोडे आणि मुळे पुढे वर्षानुवर्षे कुजत राहतात, हे वेगळे सांगायला नको. पाऊस पूर्ववत झाला, पाने हिरवी दिसू लागली, उपग्रहाच्या छायाचित्रात जंगल सावरलेले भासले, तरी मातीच्या खर्चाच्या बाजूला ही थकबाकी चालूच असते.

भारतातील जंगलांचे या सगळ्याशी असलेले नाते काहीसे आगळे आहे. युरोप किंवा ॲमेझॉनच्या दृष्टीने जे संकट, ते येथील पानझडी जंगलांचे नित्याचे ऋतुचक्र आहे. मेळघाट, ताडोबा किंवा पेंचच्या सागवनात वर्षाचे सात-आठ महिने जवळपास कोरडे जातात, पाने गळून पडतात, माती तापते आणि जूनमध्ये पहिला पाऊस येतो. बर्च यांनी प्रयोगशाळेत जे पाहिले, ते या जंगलांत दरसाल आपोआप घडते. झाडे, माती आणि जिवाणू या लयीला सरावलेले आहेत. तेव्हा 'दुष्काळ' हा शब्द येथे वार्षिक कोरडेपणाला नव्हे, तर पावसाळ्याच्या आत पडणाऱ्या खंडाला लावणे अधिक सयुक्तिक ठरते. आणि नेमके तेथेच चित्र बदलते आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. त्याच वेळी त्या भागातील एकूण मोसमी पाऊस मात्र घटत होता. म्हणजे पाऊस कमी दिवसांत, जास्त जोरात आणि मध्ये मोठी विश्रांती घेऊन पडू लागला आहे.

२०२३ चा पावसाळा हे त्याचे ढळढळीत उदाहरण होय. त्या वर्षीचा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा देशातील सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला. पावसाची तूट ३६ टक्के होती. पाठोपाठ सप्टेंबरमध्ये सरासरीपेक्षा १३ टक्के अधिक पाऊस झाला. हंगामाअखेरच्या बेरजेत तूट सहा टक्क्यांची दिसली, म्हणजे जवळपास सर्वसाधारण. महाराष्ट्र सरकारला मात्र त्या ऑक्टोबरअखेर चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. पिकांच्या बाबतीत हंगामी सरासरी फसवी असते, हे सर्वांना पटलेले आहे. जंगलाच्या मातीबाबतही ती तितकीच फसवी आहे. पाने पूर्ण बहरात असताना, मुळांची वाढ जोमात असताना, महिनाभर पाणी तोडायचे आणि मग एकदम द्यायचे, हा वाळवण्या-भिजवण्याचा एक जादा फेरा झाला. जूनमधल्या नेहमीच्या लोटाखेरीज सप्टेंबरमध्ये आणखी एक. शिवाय मधल्या महिन्यात झाडांची मिळकत बुडालेली असते, ती निराळीच.

सह्याद्रीत तर वाफशाच्या दोन्ही बाजू एकाच डोंगररांगेत नांदतात. आंबोली किंवा महाबळेश्वरच्या सदाहरित जंगलात जुलैमध्ये माती इतकी चिंब असते, की तेथे पावसाने काही दिवस उसंत घेतली तर, कोस्टा रिकाप्रमाणे, मातीचा श्वास वाढण्याचाच संभव अधिक. तेथून पन्नास-साठ किलोमीटर पूर्वेला पर्जन्यछायेतल्या खुरट्या रानात तीच उसंत श्वास रोखून धरील. एकाच मोसमी खंडाचे घाटाच्या दोन अंगांना दोन विरुद्ध परिणाम व्हावेत, हे तर्काला धरून आहे. अशा प्रदेशात संपूर्ण राज्याच्या जंगलांसाठी एकच सरासरी गुणांक वापरून हिशेब मांडणे धाडसाचेच म्हणावे लागेल. आसाममधील काझीरंगाच्या निमसदाहरित जंगलात पुण्याच्या याच संस्थेच्या पुढाकाराने उभारलेल्या मनोऱ्यावरील नोंदी या संदर्भात उद्बोधक आहेत. ते जंगल सर्वाधिक कार्बन शोषते ते पावसाळ्यात नव्हे, तर त्याआधीच्या मार्च ते मे या महिन्यांत. पावसाळ्यात आकाश झाकोळल्याने पानांना प्रकाश कमी मिळतो. जितका पाऊस अधिक तितके जंगल हवेतून अधिक कार्बन घेणार, हा सर्वसाधारण समज त्या नोंदींनी खोटा ठरवला आहे.

आता धोरणाकडे वळू. पॅरिस कराराच्या वेळी, २०१५ मध्ये भारताने असे आश्वासन दिले, की २०३० पर्यंत वने आणि वृक्षाच्छादनाद्वारे २.५ ते ३ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड सामावेल एवढा अतिरिक्त साठा निर्माण केला जाईल. डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालानुसार २००५ च्या तुलनेत यापैकी २.२९ अब्ज टनांचे उद्दिष्ट गाठले गेले आहे. आकडा समाधानकारक वाटतो. मात्र त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे. देशाच्या जंगलांत साठलेल्या सुमारे ७.२८ अब्ज टन कार्बनपैकी निम्म्याहून अधिक भाग झाडांत नाही. तो मातीत आहे. आणि ही मातीही मोजली जाते ती वरच्या तीस सेंटिमीटरपर्यंतचीच. ॲमेझॉनच्या पूर्व भागात झाडांची मुळे आठ मीटरहून अधिक खोल जाऊन पाणी आणतात, हे डॅनियल नेप्स्टॅड यांनी १९९४ मध्येच दाखवले होते. सागाची मुळेही तीस सेंटिमीटरवर थांबत नाहीत.

वन सर्वेक्षणाच्या कामाला नावे ठेवण्याचा येथे हेतू नाही. एवढ्या खंडप्राय देशात नमुना क्षेत्रे आखून मातीचे नमुने गोळा करणे हेच मोठे काम आहे आणि आंतरराष्ट्रीय संकेतही साठाच मोजायला सांगतात. अडचण अशी, की साठा म्हणजे बँकेतील शिल्लक. मातीतील शिल्लक एवढी मोठी आणि जागोजाग एवढी कमी-अधिक असते, की तिच्यातली वर्षाकाठची घट नमुन्यांच्या चढउतारात हरवून जाते. ठेव हळूहळू मोडली जात असेल, तर ते पासबुकात दिसायला दहा-वीस वर्षे लागतात. तोवर त्या शिल्लकीच्या भरवशावर आश्वासने देऊन झालेली असतात. रोजची उलाढाल, म्हणजे मातीचा श्वास आणि पानांची मिळकत, मोजली तरच वेळीच सावध होता येते.

प्रशासनाच्या लेखी मात्र जंगल म्हणजे झाडांची संख्या, ही समजूत अजून पक्की आहे. महाराष्ट्राने २०१६ मध्ये दोन कोटी, २०१७ मध्ये चार कोटी, २०१८ मध्ये तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी वृक्षलागवडीचा संकल्प सोडला होता. त्यावर जो वाद झाला, तो रोपे किती जगली यावर. ज्या जमिनीत खड्डे खणले गेले, तिच्यातला कार्बन खणण्याने किती गेला आणि रोपांच्या मुळांनी किती आणला, हा प्रश्न विधिमंडळात काय, पर्यावरणाच्या चर्चासत्रांतही क्वचितच ऐकू आला. केंद्राच्या 'ग्रीन क्रेडिट' योजनेत फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेनुसार एका झाडामागे एक श्रेयांक ठरला. पुढे निकष बदलले, झाड काही वर्षे जगण्याची अट आली, तरी मोजण्याचे एकक झाडच राहिले. जुन्या पानझडी जंगलाचा तुकडा खाणीला देऊन त्याबदल्यात दुसरीकडे हेक्टरी हजार-अकराशे रोपे लावली, की कागदोपत्री बरोबरी होते. जुन्या जंगलाची भुसभुशीत, पालापाचोळ्याने झाकलेली माती पावसाचा महिनाभराचा खंडही ओल धरून काढते. नव्या लागवडीखालची उघडी माती आठवड्यात तापून कोरडी होते. अवर्षणाच्या काळात या दोन जमिनींचा जमाखर्च सारखा असूच शकत नाही. तो जर पावसाच्या खंडावर इतका अवलंबून असेल आणि खंड वाढत असतील, तर लागवडीच्या भरवशावर कारखान्यांच्या धुराला सूट देणे ही उधारी ठरते.

जंगलातील पालापाचोळा आणि मातीची ओल टिकवणे हा उपाय काही नवा नाही. माथा ते पायथा पाणलोटाची कामे महाराष्ट्राने शेतीसाठी केली, त्यांचा फायदा वनजमिनीलाही झाला. पण सरसकट चर खणण्याने माती उलथली जाते, हेही तितकेच खरे. वणवा रोखण्यासाठी पालापाचोळा गोळा करून हलवला, तर आग थांबते आणि माती उघडी पडते. कोकणात राबासाठी तोडल्या जाणाऱ्या पानफांद्यांचा प्रश्न याच जातीचा. यांपैकी कोणत्या जागी काय हिताचे, हे ठरवायला आकडे हवेत आणि ते बाहेरून आणता येत नाहीत. तापाजोसचे उत्तर कशिउआनाला लागू पडले नाही, तर ते आंबोलीला कसे पडावे?

मोजणीचे तंत्र फारसे अवघड नाही. जमिनीत रोवलेल्या कड्यावर पालथ्या भांड्यासारखे झाकण बसवायचे आणि आत साठत जाणारा कर्बवायू इन्फ्रारेड किरणांवर चालणाऱ्या उपकरणाने मोजायचा. विद्यापीठांतील संशोधक अनेक वर्षांपासून हे करत आहेत. पण उपकरण हाताने हाताळायचे असेल, तर फेरी होते महिन्यातून एक-दोनदा. पावसाळ्यात रस्ते बंद, पायवाटा निसरड्या, जंगलात प्रवेशाला मनाई. तेव्हा फेरी आणखी लांबते. कर्बवायूचा लोट पहिल्या पावसानंतर तासाभरात उठतो आणि काही दिवसांत विरतो. स्वयंचलित झाकणे असतील तरच तो पकडता येतो. अशी झाकणे आणि कायमस्वरूपी मनोरे देशातील जंगलांत मोजक्याच ठिकाणी आहेत आणि घाटमाथ्यापासून विदर्भापर्यंत पसरलेल्या राज्यातील जंगलांच्या वैविध्याला ते पुरे पडणारे नाहीत. लागवडीच्या अंदाजपत्रकात रोपे, खड्डे, कुंपण आणि राखणदार यांच्यासाठी रकाने असतात. मातीच्या मोजणीसाठी स्वतंत्र रकाना असावा, अशी मागणी अद्याप कोणत्याही राजकीय पक्षाने केलेली ऐकिवात नाही.